बल आणि गती शिकवताना: नव्या विज्ञान शिक्षकांसाठी, प्रयोगांसकट

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. शाळा जूनच्या मध्यात उघडते आणि नव्या शिक्षकाची वर्गाशी पहिली गाठ याच धड्यावर पडते. व्याख्या, तीन नियम, तीन समीकरणं, गणितं या क्रमाने धडा आठवड्यात उरकता येतो. मुलांचे नियम पाठही होतात. तरीही ‘गाडी सरळ रस्त्यावर एकसमान वेगाने चालली आहे, तिच्यावर निव्वळ बल किती?’ असं विचारलं की बरेच हात वर होतात आणि उत्तर येतं, ‘पुढच्या दिशेने’.

यात मुलांचा दोष नाही. हातगाडी ढकलायचं थांबलं की ती थांबते, सायकलचं पॅडल सोडलं की वेग कमी होतो. रोजचा अनुभव सांगतो की गती हवी असेल तर बल लावतच राहावं लागतं. अनुभव खरा आहे, पण त्यातलं घर्षण कोणी मोजलेलं नसतं. म्हणून इथे दिलेला क्रम पुस्तकापेक्षा थोडा वेगळा आहे: आधी मोजणी, मग घर्षण, आणि त्यानंतरच न्यूटन. सगळं मिळून दहा-बारा तासिका धरा. सहा तासिकांत बसवायचं असेल तर प्रयोग गाळू नका, पहिल्या दोन दिवसांची व्याख्यानं गाळा.

फळ्याला हात लावण्याआधी

पहिल्या तासिकेला अर्धा-अर्धा कागद वाटा आणि तीन प्रश्न विचारा. गुण नाहीत, चर्चा नाही, शेजाऱ्याला विचारायचं नाही.

१. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर तो अजून वर चालला आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? बाणांनी दाखवा.
२. एक किलोचं वजन आणि शंभर ग्रॅमचं वजन एकाच उंचीवरून एकदम सोडलं. जमिनीला आधी कोण टेकेल?
३. मालट्रक आणि स्कूटर यांची धडक झाली. जास्त बल कोणावर?

पहिल्यात बहुतेक जण वरच्या दिशेचा मोठा बाण काढतात, ‘हाताचं बल’ म्हणून. दुसऱ्यात एक किलो जिंकतो. तिसऱ्यात स्कूटरवर जास्त. (हवेचा विरोध सोडला तर पहिल्यात फक्त खाली खेचणारं गुरुत्वबल, दुसऱ्यात दोन्ही एकदम, तिसऱ्यात बल समान आणि त्वरण मात्र स्कूटरचं कितीतरी जास्त.) कागद गोळा करून ठेवून द्या. उत्तरं लगेच सांगितली तर मुलं ती पाठ करतात आणि मनातली कल्पना जागच्या जागी राहते.

वेळ मोजता आली पाहिजे

३० सेंटीमीटरची पट्टी प्रत्येक दप्तरात असते. जोड्या करा. एकाने पट्टी वरच्या टोकाला उभी धरायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि तर्जनी पट्टीला न टेकवता उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. अंगठ्याच्या वरच्या कडेपाशी जो आकडा येईल तो लिहायचा. पाच वेळा करून सरासरी काढा. ५ सेंमीला पट्टी पडण्याचा वेळ ०.१० सेकंद, ११ सेंमीला ०.१५, २० सेंमीला ०.२०, ३१ सेंमीला ०.२५. पट्टी हातातून निसटलीच तर वर्गातली मीटरपट्टी घ्या.

कोणाचं उत्तर १२ सेंमीच्या खाली आलं तर बहुधा त्याने अंदाजाने मूठ आवळलेली असते. सोडणाऱ्याचा हात सोडण्याआधी किंचित हलतो आणि पकडणारा तेच हेरतो. जोडीदार बदला.

हा खेळ वाटतो, पण पुढच्या सगळ्या प्रयोगांचा पाया इथे आहे. माणसाच्या बोटाला साधारण पाव सेकंदाचा उशीर लागतो. आठ सेकंदांच्या चालण्यात तो चालून जातो. दीड मीटरवरून चेंडू पडायला मुळात ०.५५ सेकंदच लागतात, तिथे हाताच्या स्टॉपवॉचने काहीही उत्तर येऊ शकतं. कुठला प्रयोग बोटाने मोजायचा आणि कुठला मोबाइलच्या व्हिडिओने, हे मुलांनीच ठरवलं पाहिजे.

आता व्हरांड्यात चला. खडूने दहा मीटरची रेघ मारा, दर दोन मीटरला खूण करा. खुणा टेपने मोजून करा. शहाबादी फरश्या मोजून अंतर काढायचा मोह होतो, पण दोन फुटी म्हणवणारी फरशी नेमकी दोन फूट भरेलच असं नाही, शिवाय मध्ये सांधे असतात. दुसरी अडचण उताराची. पाणी वाहून जावं म्हणून व्हरांड्याला उतार दिलेला असतो. तीन-चार ठिकाणी गोटी ठेवून बघा. ती आपोआप पळते त्या पट्ट्यात पुढचे घरंगळणीचे प्रयोग करू नका. चालण्याच्या प्रयोगाला मात्र त्याने फरक पडत नाही.

पाच खुणांवर पाच मुलं उभी करा. टाळीबरोबर पाचही घड्याळं सुरू, आणि चालणारा ज्याच्यासमोरून जाईल त्याने आपलं बंद करायचं. एकदा एकसारखं चालायचं, एकदा हळू सुरुवात करून वेग वाढवत न्यायचा, एकदा सहा मीटरवर थांबून परत यायचं. परतीच्या फेरीत प्रत्येक वेळेसाठी नवी नोंद लागते, म्हणून त्या फेरीला दोन घड्याळांची जास्तीची मुलं ठेवा. लगेच विस्थापन-कालाचा आलेख काढून घ्या. परत येणाऱ्या मुलाचा आलेख काढताना काही जण रेघ डावीकडे वळवतात, कारण त्यांना आलेख म्हणजे रस्त्याचा नकाशा वाटतो. त्यांना एवढंच विचारा: या रेघेप्रमाणे घड्याळ उलटं फिरलं का?

अंतर आणि विस्थापनावर जास्त वेळ घालवू नका. सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन परत आलं की अंतर सुमारे ८० किलोमीटर, विस्थापन शून्य. देवळाला प्रदक्षिणा घातली तरी तेच. दोन मिनिटांत समजतं.

घर्षण आधी

सामान: एक किलोचा वह्यांचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधलेला, ० ते १० न्यूटनचा ताणकाटा, आणि चार पृष्ठभाग: फरशी, चटई, सोलापुरी चादर, बोरिक पावडर टाकलेला कॅरम बोर्ड. ताणकाट्यावर फक्त ग्रॅम असतील तर १०० ग्रॅम म्हणजे जवळपास १ न्यूटन धरा.

ताणकाटा आडवा धरून शून्य तपासा. उभा धरला की खालच्या हुकाचं स्वतःचं वजन स्प्रिंग ताणतं. आडवा केला की ते नसतं आणि काटा शून्याच्या खाली सरकतो. नवीन शिक्षकांचे आकडे बहुधा इथेच चुकतात. दुसरी चूक म्हणजे गठ्ठा तिरका, वरच्या दिशेने ओढणं. त्यामुळे गठ्ठ्याचा थोडा भार हातच उचलतो आणि घर्षण कमी दिसतं. सुतळी जमिनीला समांतर हवी.

हळूहळू ओढत बल वाढवा. काटा चढत जातो, गठ्ठा हलत नाही. मग गठ्ठा सुटतो आणि काटा थोडा खाली येऊन स्थिरावतो. ही घसरण मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या: स्थैतिक घर्षणाची कमाल आणि गतिक घर्षण यांतला फरक तो हाच. गठ्ठ्यावर आणखी एक किलो ठेवलं की आकडा जवळपास दुप्पट होतो. गठ्ठा आडव्याचा उभा केला, म्हणजे टेकणारं क्षेत्रफळ कमी केलं, तर काय होईल हे आधी लिहून घ्या. वर्ग ‘कमी’ म्हणतो आणि काटा साधारण तोच आकडा दाखवतो. चादरीवर हा नियम नीट पाळला जात नाही. गठ्ठ्याची कड जाड विणीत रुतते, म्हणून क्षेत्रफळाची तुलना फरशीवर करा.

यानंतरचा प्रश्न धड्याचा कणा आहे. गठ्ठा एकसमान वेगाने सरकत असताना काटा ३ न्यूटन दाखवतो आहे. घर्षण किती? उत्तर ३ न्यूटन, उलट दिशेने. निव्वळ बल शून्य, आणि गठ्ठा चालतोच आहे. हे वाक्य मुलांच्या तोंडून यायला पाच-दहा मिनिटं लागली तरी थांबा.

मग कॅरमचा स्ट्रायकर. पावडर न टाकता एक टिचकी, पावडर टाकून तशीच दुसरी. तिसऱ्यांदा फक्त विचारायचं: पावडर याहून कितीतरी चांगली असती आणि बोर्डाला कडाच नसती तर? गॅलिलिओने उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्यांवरून हाच विचार केला होता आणि न्यूटनने १६८७ साली तो पहिला नियम म्हणून मांडला. पहिला नियम फळ्यावर लिहायचा तो आता.

जडत्वासाठी माग

पुस्तकात बसमधल्या प्रवाशाचं उदाहरण आहे आणि ते ठीक आहे. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत ज्या मुलांच्या घरी किंवा गल्लीत यंत्रमाग आहे, त्यांच्यासाठी धोट्यासारखं (आडवा धागा घेऊन मागावर या टोकाहून त्या टोकाला पळणारा तुकडा) उदाहरण नाही. धोट्याला एका टोकाला क्षणभर ठोका मिळतो. ठोका संपल्यावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दोन थरांमधून तो पलीकडे जातो तेव्हा पुढे ढकलणारं कोणीच नसतं. तो जातो त्याच्याजवळ असलेल्या वेगामुळे. घर्षण आणि मागून उलगडणारा बाण्याचा (आडवा) धागा त्याचा वेग कमीच करतात. पलीकडच्या पेटीत त्याला दाबून धरणारी पट्टी असते. तिच्या घर्षणाने तो थांबतो. पट्टी सैल असेल तर धोटा पेटीत आपटून मागे उसळतो आणि माग बिघडतो.

घरी करायचा अभ्यास: लांबूनच, मोबाइलवर दहा सेकंद मागाचा आवाज रेकॉर्ड करून ठोके मोजा. एका ठोक्यात धोटा एकदा पलीकडे जातो. पन्हा विचारून घ्या आणि ठोके गुणिले पन्हा भागिले दहा करा. येते ती सरासरी चाल. खरी उडण्याची चाल यापेक्षा बरीच जास्त असते, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये धोटा पेटीत थांबलेला असतो. सरासरी आणि तात्कालिक यांतला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. चालू मागाच्या बाजूला उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही, हे बजावून सांगा. धोटा उडून बाहेर येतो आणि गंभीर इजा होते.

वर्गात करायचं तर सोंगट्यांची चळत आणि स्ट्रायकर. आठ सोंगट्या रचा, सर्वात खालच्या सोंगटीवर जोरात मारा. ती निघून जाते, चळत जागीच खाली बसते. हळू मारलं तर चळत कोसळते, कारण घर्षणाला बाजूला ओढायला जास्त वेळ मिळतो. टेबलावरच्या पेल्याखालून कापड ओढायचा प्रयोग करायचाच असेल तर शिवण नसलेलं गुळगुळीत कापड घ्या. आपल्या चादरीच्या नादी लागू नका, पेला हमखास पडतो.

प्रत्येक बाणाला नाव-गाव

बलाची आकृती काढताना एक नियम वर्षभर पाळा: ‘कोणी, कोणावर’ याचं उत्तर नसेल तो बाण पुसायचा. ‘पृथ्वीने चेंडूवर’ चालतं. ‘फरशीने गठ्ठ्यावर’ चालतं. ‘गतीने चेंडूवर’ चालत नाही. पहिल्या दिवशी काढलेला तो वरचा बाण इथे अडतो: हात आता चेंडूला टेकलेलाच नाही, मग हे बल लावलं कोणी? जुने कागद आज परत द्या आणि दुरुस्त्या मुलांनाच करू द्या.

दुसरा नियम: गाडी, दोरा, वजन

यासाठी दोन तासिका आणि आदल्या दिवशीचा एक तास तयारीला ठेवा.

लागेल ते असं: १.२ मीटर लांब गुळगुळीत फळी, सहज फिरणाऱ्या चाकांची खेळण्यातली गाडी, कप्पी म्हणून शिलाईच्या दोऱ्याची रिकामी रीळ, आस म्हणून सायकलचा स्पोक, शिलाईचा दोरा, आणि २५ ग्रॅमच्या चार पुड्या. पुड्यांत हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर किंवा कोरडी वाळू भरा. वॉशर एकेक मोजण्याऐवजी वीस एकदम तोला आणि भागा. एक रुपयाची नाणी वजनं म्हणून वापरू नका. वेगवेगळ्या काळातल्या नाण्यांचं वजन वेगळं आहे. गाडीत खडे टाकून तिचं वजन ४५० ग्रॅम करा. चार पुड्या धरून एकूण ५५० ग्रॅम.

फळी टेबलावर ठेवा, कप्पी टेबलाच्या कडेला. शाळेचं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं, म्हणून टांगलेलं वजन त्याहून जास्त पडूच शकत नाही. मीटरभर अंतर मोजायला गेलात तर शेवटच्या टप्प्यात वजन जमिनीवर टेकलेलं असतं आणि गाडीवर बलच नसतं. ६० सेंमी अंतर घ्या. खाली गोणपाट टाका, गाडी अडवायला कप्पीच्या आधी ठोकळा ठेवा.

आता घर्षणाची भरपाई. दोरा न बांधता, फळीच्या कप्पीपासून लांबच्या टोकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत जा. गाडीला हलका धक्का दिल्यावर ती एकाच चालीने जायला हवी. आपोआप सुटायला लागली तर एक तुकडा काढा.

एक पुडी टांगा, तीन गाडीत. गाडी सोडा, ६० सेंमीचा वेळ मोजा. मग दोन टांगा, दोन गाडीत. मग तीन-एक, मग चारही टांगलेल्या. घर्षण अजिबात नसतं तर आकडे असे आले असते:

२५ ग्रॅम: बल ०.२४५ न्यूटन, त्वरण ०.४५ मी/से², वेळ १.६४ सेकंद
५० ग्रॅम: ०.४९ न्यूटन, ०.८९ मी/से², १.१६ सेकंद
७५ ग्रॅम: ०.७३५ न्यूटन, १.३४ मी/से², ०.९५ सेकंद
१०० ग्रॅम: ०.९८ न्यूटन, १.७८ मी/से², ०.८२ सेकंद

बल चौपट झालं तर वेळ निम्मा, पाव नाही. कारण अंतर वेळेच्या वर्गावर अवलंबून आहे. हे आधी विचारा, बहुतेक जण पाव म्हणतील.

वेळ व्हिडिओने मोजा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे एका चित्राला ०.०३३ सेकंद, स्लो मोशन १२० चं असेल तर उत्तमच. मोबाइल फळीच्या मध्यासमोर, दीड-दोन मीटर लांब आणि स्थिर ठेवा. जवळ धरला तर टोकांच्या खुणा तिरक्या दिसतात. खिडकीजवळ, भरपूर उजेडात करा, कारण अंधारात काही फोन चित्रांचा वेग गुपचूप कमी करतात.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी: टांगायच्या पुड्या गाडीतून न काढता बाहेरून आणल्या जातात. मग बलाबरोबर एकूण वस्तुमानही वाढतं आणि आलेखाची रेघ वाकते. टांगलेली पुडीसुद्धा गाडीबरोबर त्वरण घेते, म्हणून वस्तुमान धरायचं ते गाडी आणि पुड्या मिळून.

तुमचे वेळ वरच्या आकड्यांपेक्षा थोडे जास्त येतील. भरपाई फळीवरच्या घर्षणाची झाली, रिळीच्या घर्षणाची नाही. त्वरण आणि बल यांचा आलेख सरळ येईल, पण शून्यातून जाणार नाही. बलाच्या अक्षाला जिथे छेदेल तेवढं बल घर्षण खातंय. आकडे ‘सुधारून’ रेघ शून्यातून नेणारी वही परत करा. हा छेद वाचता येणं हे नियम पाठ म्हणण्यापेक्षा मोलाचं आहे.

तिसरा नियम

दोन ताणकाटे एकमेकांत अडकवा. एकीकडे वर्गातला सर्वात दांडगा मुलगा, दुसरीकडे सर्वात लहान मुलगी. कोणीही कितीही ओढलं तरी दोन्ही काटे सारखेच. तेच काटे दोघांच्या हातांत असताना मुलीला गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी उभं करा: काटे सारखेच, पण सरकते ती. त्याचं कारण पायाखालच्या घर्षणात आहे, काट्यात नाही.

‘बल समान आणि विरुद्ध, मग बैलगाडी हलते कशी?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. फळ्यावर बैल आणि गाडी वेगळे काढा आणि ‘कोणी, कोणावर’ लावा. बैलाने गाडीवर लावलेलं बल गाडीच्या आकृतीत, गाडीने बैलावर लावलेलं बैलाच्या. ती एका आकृतीत येतच नाहीत, मग एकमेकांना रद्द कशी करणार? बैल पुढे जातो तो जमिनीने त्याच्या खुरांवर दिलेल्या पुढच्या बलाने.

फुग्याचं रॉकेट मुलांना आवडतं: पाच मीटर तंगूस, त्यात ओवलेली स्ट्रॉ, तिला चिकटपट्टीने फुगा. तंगूस ताठ नसेल तर फुगा मध्येच अडतो. जून-जुलैचा वारा इकडे दांडगा असतो, मैदानावर करू नका. आणि फुगा पुढे जातो तो बाहेरची हवा ढकलल्यामुळे नव्हे, स्वतःतली हवा मागे फेकल्यामुळे, हे तेव्हाच सांगून टाका.

गणितांकडे

किलोमीटर प्रतितासाचं मीटर प्रतिसेकंद करायला ५/१८ ने गुणा. दिशा आधी ठरवा, मग चिन्हं. ब्रेकच्या गणितात त्वरण ऋण. प्रत्येक ओळीत एकक लिहायची सक्ती करा. निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

सरावाला हे एक गणित पुरेसं आहे. एसटी ताशी ७२ किमीने चालली आहे, म्हणजे २० मी/से. ब्रेकमुळे ऋण त्वरण ५ मी/से². थांबायला ४ सेकंद आणि ४० मीटर. ताशी ३६ किमीला १० मीटर. वेग दुप्पट, ब्रेकचं अंतर चौपट. आता चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरा: पहिल्या बसचं एकूण अंतर ६० मीटर, दुसरीचं २०. चौपटीचं तिप्पट कुठून झालं, हे विचारा आणि उत्तर वहीत समीकरणाने नव्हे, वाक्यात लिहायला सांगा.